कॉम्पटिया ए प्लससाठी कोणतं गाइड घ्यावं? मित्राकडचं जुनं चालेल का?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात आहात, हात बसलेला आहे, आता ए प्लस ही कॉम्प्युटर दुरुस्ती आणि सपोर्टच्या कामाची परीक्षा द्यायची आहे, मित्राकडे तिच्या ११०१-११०२ ह्या पेपरांचं गाइड पडून आहे आणि ते फुकट मिळत असताना नवीन कशाला घ्यायचं. नाही चालणार. ते पेपर २०२५ च्या सप्टेंबरात बंद झाले. आता २२०-१२०१ आणि २२०-१२०२ द्यावे लागतात, आणि दोन्ही एकाच मालिकेतले लागतात. एक जुना पास असेल आणि दुसरा राहिला असेल तर तो जुना वाया गेला.

हे इतकं ठासून सांगतेय, कारण हीच चूक मी २०१७ साली केली आणि तिची फी दोनदा भरली.

बुधवार पेठेत, तापकीर गल्लीजवळ, मामाचं दुकान होतं. तिथे मी सहा वर्षं काम केलं. असेंबल्ड पीसी, प्रिंटर, विंडोज टाकणं, डेटा काढून देणं. मामाचा हात खरोखर चांगला. मशीन चालू होत नसेल तर रॅम काढून खोडरबर मारायचा, नाही झालं तर एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बदलून बघायचा, नाही तर मदरबोर्ड. दहातली सात मशीन अशीच उठायची. मी परीक्षेचं काढलं तेव्हा तो म्हणाला, "पुस्तक वाचून रॅम बसत नाही." मी त्याला दाखवून द्यायचं ठरवलं, पण पैसे मात्र त्याच्यासारखेच वाचवायला गेले. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांमध्ये एक जाडजूड गाइड मिळालं, ८०१-८०२ चं. तेव्हा पेपर चालू होते ९०१ आणि ९०२. मी विचारलं तर विक्रेता म्हणाला, "आत सगळं तेच असतं ताई, कव्हर बदलतात फक्त." मामाही तेच म्हणाला. मला ते ऐकायला बरं वाटलं.

पहिला पेपर निघाला. ९०० पैकी ६७५ लागतात, मला ७३१ पडले. हार्डवेअर, केबल, पोर्ट, प्रिंटर, ह्यात सहा वर्षं गेली होती. दुसऱ्याला ७०० लागतात. ६५२ आले.

प्रश्न सांगणार नाही, तशी सही करून घेतात. विषय सांगते, कारण ते परीक्षा घेणारी कंपनी, कॉम्पटिया, स्वतःच फुकट यादीत देते. ९०२ मध्ये विंडोज सोडून इतर सिस्टीम आणि क्लाउड वगैरेला बारा टक्के होते. लिनक्सच्या कमांड, मॅकचं बॅकअप. माझ्या पुस्तकात ह्याचं काहीच नव्हतं. विंडोज ८ नव्हतं. उलट जुन्या विंडोज एक्सपीवर पानंच्या पानं होती आणि मी ती पेन्सिलीने खुणा करून पाठ केली होती. एक्सपी परीक्षेतून केव्हाच गेलेलं.

निकालाचा कागद घेऊन थेट दुकानात आले. दोन गिऱ्हाईकं समोर बसलेली असताना मामा म्हणाला, "बघ, सांगत होतो. हाताने केलेलं ह्यांच्या परीक्षेत मोजत नाहीत." मी काही बोलले नाही. मनात मात्र घर करून राहिलं ते, अजून आहे.

त्या कागदावर कोणकोणत्या मुद्द्यांत चुकलो ते छापलेलं असतं. रात्री जेवणं झाल्यावर ओट्याशेजारीच कागद, कंपनीची यादी आणि गाइड तिन्ही पसरून एकेक मुद्दा जुळवला. चुकलेल्यांपैकी निम्मे पुस्तकात नव्हतेच. पण बाकीचे निम्मे होते! ते मी "हे तर येतं मला" म्हणून उलटून गेले होते. दोष शोधायच्या सहा पायऱ्या, गिऱ्हाईकाशी बोलायची पद्धत, काम झाल्यावर नोंद ठेवणं. म्हणजे मामाकडून जे शिकले नव्हते नेमकं तेच.

नवीन गाइड घेतलं, पूर्ण किमतीला. आणि ह्या वेळी शेवटून वाचलं, आधी दोष शोधायची प्रकरणं.

त्याच आठवड्यात एक वकीलकाका प्रिंटर घेऊन आले, तिसऱ्यांदा. छापलेलं बोटाने पुसलं जातंय. आधीच्या दोन्ही वेळा मामाने कार्ट्रिज बदलून दिलं होतं आणि दोन्ही वेळा पैसे घेतले होते. मामा चहाला गेला होता. मी पुस्तकातली पहिली पायरी केली, विचारलं. कधीपासून? प्रत्येक पानावर होतं की ठरावीक? काका म्हणाले, "कोर्टाचा तो जाड हिरवा लेजर पेपर असला की होतं. साध्या कागदावर नाही." लेझर प्रिंटरमध्ये टोनरची पूड कागदावर आधी नुसती बसते, फ्यूजरच्या उष्णतेने ती वितळून चिकटते. जाड कागदाला जास्त उष्णता लागते, किंवा तो सावकाश सरकावा लागतो. ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार 'साधा' होता. तो 'जाड' केला, त्यांच्याच फायलीतला लेजर पेपर घातला, छापलं, अंगठा घासला. काही पुसलं नाही. कार्ट्रिजला धक्काही लावला नाही.

मामा आल्यावर म्हणाला, नशीब. मी म्हटलं, "मामा, तू दोनदा कार्ट्रिज बदललंस, त्यांना एकदा तरी विचारलंस का?" त्यावर आमचं जे वाजलं ते दिवाळीपर्यंत पुरलं. माझं म्हणणं तेव्हा जे होतं तेच आज आहे. हाताला येतं ते खरंच, पण कोणत्या क्रमाने करायचं हे हाताला येत नाही, ते कुणीतरी लिहून ठेवलेलं वाचावं लागतं. सात मशीन उठतात म्हणून आपण खूश, उरलेल्या तिघांचा खर्च गिऱ्हाईक देतं. पुढच्या महिन्यात पुन्हा पेपर दिला, ७६४ पडले.

आता तुमच्या प्रश्नाकडे. लेखकाचं नाव विचारू नका, कुणा एकाचं घ्या म्हणणार नाही. कव्हरवर १२०१ आणि १२०२ हे आकडे आहेत का ते आधी बघा. कंपनीच्या साइटवरून विषयांची यादी उतरवून घ्या, तिला पैसे पडत नाहीत, आणि ती अनुक्रमणिकेशी लावून बघा. मग सराव प्रश्नांची उत्तरं उघडा. नुसतं 'उत्तर क' लिहिलं असेल तर ठेवून द्या. बाकीचे तीन पर्याय का चुकीचे हे ज्यात समजावलंय तेच गाइड. परीक्षेत चारही पर्याय बरोबर वाटतात आणि विचारलेलं असतं 'सर्वात आधी काय कराल'. दुकानातून आलेला माणूस इथेच मार खातो, कारण त्याला शेवटी काय निघणार हे माहीत असतं आणि तो थेट तिथेच उडी मारतो.

तुम्ही दुकानातले म्हणून आणखी एक. १२०१ मध्ये हार्डवेअर आणि नेटवर्कचे दोष शोधण्याला २८ टक्के आहेत. १२०२ मध्ये कामाच्या पद्धतींना, म्हणजे नोंदी, सुरक्षितता, गिऱ्हाईकाशी वागणं, ह्याला २१ टक्के. गाइडमध्ये ती प्रकरणं आठ-दहा पानांत उरकली असतील तर तुमच्या उपयोगाचं नाही. पोर्ट कसे दिसतात ह्याचे फोटो तुम्हाला नकोत, ते रोज हातात असतात.

दोन गाइडं घेऊ नका. एक दोनदा वाचा. व्हिडिओ फुकट भरपूर आहेत, जेवताना बघा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका.

डम्पची, म्हणजे परीक्षेतून चोरून बाहेर काढलेल्या प्रश्नांची, पीडीएफ कुणी दिली तर घेऊ नका. मी ज्या क्लासला पंधरा दिवस गेले होते तिथे 'नोट्स' म्हणून तीच वाटत होते. पकडलं तर सर्टिफिकेट रद्द होतं हे एक, आणि त्यातली उत्तरंही बऱ्याचदा चुकीची असतात.

आता हेही सांगायला हवं की हे सर्टिफिकेट सगळीकडे मागतात असं नाही. दुकानात तर कुणी विचारणार नाही. मला चाकणच्या एका कारखान्यात सपोर्टची नोकरी मिळाली तेव्हा मुलाखतीत त्याचा उपयोग झाला, एवढंच माझ्यापुरतं सांगू शकते. ते तीन वर्षं चालतं, पुढे शिकत राहिल्याचे वीस क्रेडिट, म्हणजे गुण, जमवून नूतनीकरण करावं लागतं. दोन पेपरांची फी वेगवेगळी भरावी लागते आणि नापास झालात तर पुन्हा पूर्ण. तो हिशोब आधी करा. त्या फीपुढे गाइडची किंमत काहीच नाही, म्हणून म्हणतेय तिथे वाचवू नका.

आणि मित्राचं पुस्तक लगेच परत देऊ नका. लेझर प्रिंटर छापतो त्याच्या पायऱ्या, नेटवर्कचे पोर्ट नंबर, दोष शोधायच्या सहा पायऱ्या, हे त्यातही आहे. नवीन येईपर्यंत तेवढी प्रकरणं वाचून काढा. पहिली पायरी वाचलीत की दुसऱ्या दिवशी दुकानात येणाऱ्या पहिल्या गिऱ्हाईकाला स्क्रू-ड्रायव्हर उचलायच्या आधी तीन प्रश्न विचारून बघा, आणि मालक काय म्हणतो ते मला कळवा.