गिटारवाला पोरगा सनई ऐकतो, म्हणून भरकटला का?

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. दोन वर्षांपासून गिटार शिकतो. आधी मोबाइलवर गिटारचेच व्हिडिओ बघायचा. दिवाळीपासून ते बंद आहे. आता सनई, सारंगी ऐकतो, मंदिरात भजनाला जाऊन पखवाजवाल्याशेजारी बसतो आणि घरी येऊन तेच गिटारवर काढत राहतो. क्लासचे सर म्हणतात, भरकटला. ह्यांचं म्हणणं, परीक्षेनंतर गिटार माळ्यावर टाकायची. त्याला मात्र संगीतातच जायचंय. काय करावं?
– एक आई, सेलू (जि. परभणी)

ताई,

तुमचा मुलगा भरकटलेला नाही. तो वयाच्या मानानं जरा लवकरच योग्य वाटेला लागलाय, असं मला मनापासून वाटतं.

गिटारवर बोटांना ठरावीक जागा पाठ झाल्या की ती आपोआप तिकडेच पळतात. म्हणजे आधी बोट वाजवतं आणि कान मागून येतो. गिटारवाल्यानं गिटारवाल्यांचंच ऐकलं की त्यांच्या बोटांच्या सवयीही उचलल्या जातात. सनईची ओळ काढायला बसलं की ही सोय राहत नाही. सनईवाल्याला दम घ्यावा लागतो, त्यामुळे त्याच्या ओळीला सुरुवात असते आणि शेवट असतो. गिटारवाल्याला दम लागत नाही, म्हणून तो थांबायचंच विसरतो. तुमचा मुलगा सध्या हे थांबणं शिकतोय, आणि ते क्लासच्या वहीत लिहून देता येत नाही.

ही वाट जुनी आहे. ब्रिजभूषण काब्रा गिटारवर राग वाजवायचे, आणि त्यांचे गुरू होते सरोदवादक अली अकबर खाँ. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत संतूर आणि बासरीच्या बरोबरीनं त्यांची गिटार आहे. ती मुलाला जरूर ऐकवा. अमेरिकेतल्या चार्ली ख्रिश्चननं १९३९ च्या सुमारास गिटारवर सॅक्सोफोनसारख्या लांब, वाहत्या ओळी वाजवल्या आणि जॅझमधली गिटार बदलली. इंग्लंडचे गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन तर एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकले. वीणेसारखी गमक, म्हणजे स्वराचं आंदोलन, निघावी म्हणून त्यांनी आपल्या ‘शक्ती’ या वाद्यवृंदाच्या काळात पडद्यांमधलं (गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांमधलं) लाकूड कोरून खोलगट केलेली गिटार वापरली.

आता सरांचं. ते चूक आहेत असं मी म्हणणार नाही. कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) आणि ताल पक्के नसतील तर सनई ऐकून हाती काही लागत नाही. सरांनी सांगितलेला रोजचा रियाज आधी अर्धा तास, मग ही धडपड, एवढी शिस्त त्याला घालून द्या. तो स्वतः कुरकुर करणार नाही, बघा.

धडपडीलाही रीत हवी. अख्खी धून नको, दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा घ्यावा. मोबाइलवर वेग निम्मा करून ऐकावा. आधी तो तोंडानं म्हणायचा, जिथे वादक दम घेतो तिथे आपणही घ्यायचा. गाता येईपर्यंत गिटार हातात घ्यायची नाही. मग तो तुकडा एकाच तारेवर काढायचा. एका तारेवर पाठ केलेल्या जागा उपयोगी पडत नाहीत, बोटाला स्वर शोधतच सरकावं लागतं आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, आपसूक येते. सनईचा स्वर लांब टिकतो, गिटारचा लगेच विरतो. ही अडचण त्याला येईलच. तेव्हा सतारवाले चिकारीच्या (बाजूला सतत झंकारत राहणाऱ्या) तारा कशा छेडत राहतात ते त्यानं ऐकावं आणि खुल्या तारांवर तसं करून बघावं.

पखवाजाचं मला विशेष कौतुक वाटलं. डाव्या पुडीला कणीक लावलेली असते, तिथून घुमारा येतो. उजवी पुडी टणक बोलते. गिटारवर अंगठा जाड तारांवर आणि बाकीची बोटं बारीक तारांवर, म्हणजे उजव्या हाताचं काम तेच की! भजनातल्या बुवांकडून बोल शिकून ते तोंडपाठ म्हणत त्यानं वाजवावं. शंकरबापू आपेगावकर आपल्या बीड जिल्ह्यातलेच. वारकरी परंपरेतल्या या पखवाजवादकाला १९८६ साली पद्मश्री मिळाली. आपल्या मातीत हे ऐकायला मिळतं, ते पुण्या-मुंबईच्या पोरांना शोधत फिरावं लागतं.

राहिला करिअरचा प्रश्न. बारावी नीट द्यायची, यात तडजोड नको. फक्त मंचावर वाजवून घर चालणं अवघड असतं. बहुतेक वादक शिकवणं, ऑर्केस्ट्रा, साथसंगत आणि रेकॉर्डिंग मिळून पोट भरतात. कुठलंही वाद्य ऐकून लगेच वाजवता येणाऱ्याला साथीची कामं मिळतात, पण रेकॉर्डिंगच्या कामाला बऱ्याचदा पाश्चात्त्य स्वरलेखन वाचता यावं लागतं, आणि ते कान कितीही तयार असला तरी वेगळं शिकावं लागतं. सुट्टीत त्यानं ते सुरू करावं. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. तिथे एकदा जाऊन या, अभ्यासक्रम आणि तिथले वादक दोन्ही बघा. चेन्नईला ए. आर. रहमान यांची केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी आहे, पण तिथला खर्च आधी विचारा आणि मगच मुलाजवळ नाव काढा.

मुलाच्या वडिलांना माझी एकच विनंती. परीक्षा होईपर्यंत गिटार भिंतीवर असू द्या, रोजचा एक तास ठरवून द्या. निकालानंतर त्याला समोर बसवून सनईचा एखादा तुकडा वाजवायला सांगा आणि डोळे मिटून ऐका. मग तिघं मिळून मला पत्र लिहा.