चाळीस मुलं, वीस रॅकेट्स आणि एक दोरी

ठाणे

प्रिय मैत्रिणी,

सप्रेम नमस्कार.

शाळाशाळांत टेनिस न्यायचं तू मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. आराखडा सावकाश वाचला. पहिल्याच पानावर 'निवड चाचणी' असं लिहिलं आहेस. ते आधी खोड. तिसरीच्या वर्गात चाळीस मुलं असतात. त्यातली आठ निवडलीस, तर हा खेळ आपला नाही हे बाकीच्या बत्तीस जणांना पहिल्याच दिवशी कळतं. शिवाय निवडलेली आठ बहुतेक वेळा फक्त अंगाने थोराड असतात. त्या वयात आठ-दहा महिने लहान-मोठं असण्याने फार फरक पडतो. शाळेत जायचं ते अख्खा वर्ग खेळता करायला. साहित्य, जागा, वेळापत्रक हे सगळं या एका गोष्टीवरून ठरव.

चेंडूपासून सुरुवात कर, कारण बरेचसे उपक्रम तिथेच फसतात. नेहमीचा पिवळा चेंडू २५४ सेंटिमीटरवरून सोडला की १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळतो, तसा नियमच आहे. तिसरीतल्या बहुतेक मुलांच्या डोक्याच्याही वर. मग मूल मागे मागे सरकतं, मनगट वाकवून कसाबसा फटका मारतं आणि 'मला जमत नाही' म्हणून बाजूला होतं. लाल टप्प्याचा, म्हणजे लहान मुलांच्या पहिल्या पायरीसाठी बनवलेला मऊ चेंडू त्याच उंचीवरून ९० ते १०५ सेंटिमीटरच येतो आणि साधारण ७५ टक्के मंद असतो. म्हणजे तो मुलाच्या कमरे-छातीच्या मधे येतो आणि त्याच्यापर्यंत पोचायला वेळ मिळतो. २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांमध्ये नेहमीचा पिवळा चेंडू नियमानेच चालत नाही. एखादी संस्था वापरलेले पिवळे चेंडू पोतं भरून फुकट द्यायला तयार झाली, तरी तिसरी-चौथीसाठी घेऊ नकोस.

रॅकेटचं माप मुलाच्या हातावरून घ्यायचं. मूल सरळ उभं राहून, हात खाली सोडून रॅकेट धरेल तेव्हा तिचं टोक जमिनीला जेमतेम टेकलं पाहिजे. तिसरी-चौथीत बहुतेकांना २३ इंची लागते, पाचवीत २५ इंची. लांब रॅकेट दिली की मूल ती मुठीऐवजी वर, चौकटीजवळ धरतं आणि ती सवय पुढे जाता जात नाही. एका शाळेसाठी २४ रॅकेट्स पुरतात: वीस हातात, चार राखीव. त्यातल्या सोळा २३ इंची घे, आठ २५ इंची. चेंडू साठ घे आणि कांद्याच्या जाळीच्या सहा पिशव्यांत दहा-दहा भर. वर्ग सुटताना गटप्रमुखाने पिशवी मोजून दिली की मगच रांग लावायची. हे कटाक्षाने पाळ. टेनिस बॉल क्रिकेटच्या या मुलखात हरवलेला चेंडू कंपाउंडच्या भिंतीपलीकडे कमी आणि दप्तरात जास्त सापडतो.

आता जागा. 'आमच्याकडे टेनिस कोर्ट नाही,' हे प्रत्येक मुख्याध्यापक सांगतील, आणि ते खरंच असतं. तू कोर्ट मागूच नकोस. बास्केटबॉलचं मैदान आहे का ते विचार. ते २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद असतं. दोन्ही टोकांच्या खांबांना नायलॉनची दोरी बांध, म्हणजे मैदानाचे लांबीत दोन भाग होतात. दोरी ८० सेंटिमीटर उंच हवी, लाल टप्प्याच्या जाळीची उंची तेवढीच असते. एवढी लांब दोरी मधे झोळते, म्हणून तीन ठिकाणी आधार दे. पेंटच्या मोठ्या डब्यात सिमेंट भरून पीव्हीसी पाइप उभा केलास की काम झालं. पाइपला जुना फोम गुंडाळ. नुसती दोरी मुलांना धावताना दिसत नाही, म्हणून जुन्या साडीच्या पट्ट्या हातभर अंतराने लटकव. चेंडू आणायला दोरीवरून उडी कोणी मारायची नाही, शिट्टी झाल्यावर टोकाकडून वळसा घालायचा. हा नियम पहिल्या मिनिटाला सांग, पाय अडकून पडायची भीती इथेच जास्त असते.

२८ मीटरच्या दोरीवर दहा जोड्या उभ्या केल्या की प्रत्येक जोडीला २.८ मीटरची पट्टी मिळते. तेवढ्यात शेजाऱ्याला रॅकेट लागत नाही. डावखुऱ्या मुलांना मात्र कडेच्या पट्ट्यांत ठेव. सामने खेळवताना दोरीवर साडेचार मीटर रुंदीची चार कोर्टं आखता येतात, मधे दोन-दोन मीटर मोकळे सोडून. लांबी ११ मीटर धर, मागे पळायला दोन्हीकडे दोन मीटर उरतात. मातीवर फक्की मार. पेव्हर ब्लॉकवर चिकटपट्टी धुळीमुळे तासाभरात निघते, तिथे खडूच बरा.

बॅडमिंटनचं कोर्ट आखलेलं असेल तर काम आणखी सोपं. दुहेरीच्या सर्व्हिसची मागची रेषा दोन्ही बाजूंना धरलीस की लांबी ११.८८ मीटर होते. लाल टप्प्याचं कोर्ट १०.९७ ते १२.८० मीटरचं चालतं. एकेरीची बाजूची रेषा ५.१८ मीटरवर तयारच आहे. जाळी काढून दोरी खाली घे, बस्स.

तास ३५ मिनिटांचा असतो आणि त्यातली पाच मिनिटं जिना उतरण्यात जातात. उरलेल्या तीसची वाटणी अशी कर: दहा मिनिटं अर्धा वर्ग दोरीवर आणि अर्धा वर्ग पीटीच्या सरांकडे किंवा बाईंकडे, मग दहा मिनिटं अदलाबदल, सात मिनिटं खेळ, तीन मिनिटं मोजणी. सरांकडच्या वीस जणांना लगोरीसारखी नेमबाजी आणि एका टप्प्यावर झेल दे. लगोरीत खांद्यावरून चेंडू फेकणारा हात पुढे सर्व्हिसला कामी येतो. आपला नंबर कधी येतो म्हणून रांगेत ताटकळणारं मूल दिसलं, की तुझी आखणी चुकली असं समज.

पहिल्या तासाचा सगळा भर एकाच गोष्टीवर ठेव: दोरीपलीकडच्या जोडीदाराशी चेंडूची ये-जा. रॅकेट धरण्याच्या पद्धतींची नावं, बॅकहँड, पंधरा-तीस-चाळीस अशी गुणमोजणी, यातलं काही नको. आधी एकाने हाताने खालून टाकायचा, समोरच्याने टप्पा पडल्यावर पकडायचा. मग पकडणाऱ्याच्या हाती रॅकेट येते. ती जमिनीवर आडवी ठेव आणि वरून हात घालून उचलायला सांग, मूठ बरीचशी बरोबर बसते.

इथे आपल्या मुलांची एक अडचण हमखास येते. हातात काही आलं की ती बॅट होते. दोन्ही हातांनी धरून, डावा पाय पुढे टाकून चेंडू थेट कंपाउंडबाहेर. त्यावर 'हळू मार' असं ओरडून उपयोग होत नाही, मूल हळू मारताना हात आखडतं. त्याऐवजी 'समोरच्याला झेल दे' एवढंच सांग. क्रिकेटमध्ये झेल गेला की आपण बाद होतो, इथे झेल गेला की दोघांना मिळून एक गुण. मुलाचे डोळे लगेच बदललेले दिसतात. ते आधी जोडीदाराचे हात शोधतं, मग चेंडूकडे बघतं. रॅकेटचा वेग आपोआप कमी होतो आणि तिची जाळी जराशी वर वळते. पाच झेल झाले की दोघांच्याही हाती रॅकेट दे आणि सलग किती फटके होतात ते मोठ्याने मोजायला लाव.

दुसरी चूक पायांची. मूल चेंडूच्या फार जवळ जातं आणि तो पोटाशी येऊन आदळतो. त्यावर आवाजाचा उपाय कर: चेंडू जमिनीला लागताच 'टप्पा' म्हणायचं, मारताना 'फटका'. दोन शब्दांमधला वेळ कानाला कळायला लागला की पाय आपणहून अंतर राखतात. उभं राहण्याची ढब शिकवायची असेल तर सरांनाच पुढे कर. आपल्याकडचे पीटीचे शिक्षक बरेचदा कबड्डी किंवा खो-खो खेळून आलेले असतात. चढाईला निघालेल्या खेळाडूचे वाकलेले गुडघे आणि हलक्या टाचा, टेनिसमध्येही हीच तयारी लागते. वर्गासमोर ती सरांनी दाखवली की हा खेळ त्यांचाही होतो.

आणि तो त्यांचा व्हायलाच हवा. तू आठवड्यातून एकदा येणार, सर रोज तिथे असणार. पहिले चार आठवडे तू शिकव आणि त्यांना मदतीला घे. पुढचे चार दोघं मिळून घ्या. शेवटचे चार त्यांनी घ्यायचे, तू कडेला उभं राहून बघायचं. त्यांचं काही चुकलं तर तास संपल्यावर बोल, मुलांसमोर कधीच नको.

बारा आठवडे वेळापत्रकात बसवणं सोपं नाही. जूनमध्ये मुळीच सुरू करू नकोस. पावसात पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं, मुलं घसरतात, आणि केसाळ कापडी आवरणाचे (फेल्टचे) चेंडू पाणी पिऊन दगड होतात. पावसाळ्यात सरांची तयारी करून घे, हॉलमध्ये किंवा व्हरांड्यात फोमच्या चेंडूंवर. गणपतीनंतर सहा आठवडे, जानेवारी-फेब्रुवारीत सहा, अशा दोन खेपा कर. डिसेंबर धरूच नकोस, स्नेहसंमेलनाचा मांडव मैदानातच पडतो. ऑक्टोबरच्या उन्हात सकाळच्या अधिवेशनाला साडेनऊच्या आत आणि दुपारच्याला साडेचारनंतरचा तास माग. तोही पीटीच्या गणवेशाच्या दिवशीचा, कारण काळ्या चामडी बुटांत मुलांना वळता येत नाही.

मुख्याध्यापकांकडे जाताना एकपानी पत्र ने: कोणते वर्ग, किती तास, साहित्य कोणाचं, ते ठेवायचं कुठे. कपाटाची किल्ली कोणाकडे राहील तेही लिही, नाहीतर रॅकेट्स कुलपात आणि किल्लीवाले रजेवर असं होतं. तुझी आणि तुझ्या सहकाऱ्यांची पोलीस पडताळणी, पालकांची संमतिपत्रं आणि प्रथमोपचाराची पेटी त्यांनी मागण्याआधीच तयार ठेव. शाळेचं कोणी हजर नसताना मुलांना एकटीने घेऊ नकोस.

वर्गात व्हीलचेअरवरचं मूल असेल तर त्याला गुण मोजायला बसवू नकोस. व्हीलचेअर टेनिसमध्ये चेंडूचे दोन टप्पे चालतात. तोच नियम त्याला लाव, जोडीदाराला एकच टप्पा, आणि खेळू दे.

शालेय क्रीडा स्पर्धांतलं लॉन टेनिस १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत होतं. तिसरीच्या मुलांना ती घाई नाही. शेवटच्या आठवड्यात तुकड्यातुकड्यांचा मेळावा घे: चार कोर्टं, सात गुणांचे सामने, प्रत्येक मूल किमान चार सामने खेळेल अशी आखणी, आणि सगळे गुण तुकडीच्या खात्यात. पंच पाचवीची मुलं. ज्यांना पुढे खेळायचं असेल, त्यांच्या पालकांना जवळच्या कोर्टांचे पत्ते आणि वेळा एका कागदावर दे. घोडबंदर रोडच्या संकुलांत आणि नवी मुंबईतल्या बऱ्याच सोसायट्यांत कोर्टं आहेत, पण बाहेरच्या मुलांना कुठे घेतात ते आधी स्वतः जाऊन विचारून ये.

आधी एकच शाळा घे, घराजवळची. या आठवड्यात टेप घेऊन तिथे जा आणि मला चार मापं कळव: खांब ते खांब अंतर, मैदानाची रुंदी, सलग भिंत किती मीटर आहे आणि पाण्याचा नळ किती लांब. त्यावरून दोरी किती घ्यायची ते सांगते.

तुझी,
ताई