हनुमान जयंतीचा भंडारा कॅटररला द्यावा का, आणि हजार माणसांचा खर्च किती येईल?

नका देऊ. तुमची कमिटी म्हणते तसं कंत्राट आमच्या गावानं एकदा देऊन पाहिलंय, म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागातलं. चैत्र पौर्णिमेला पहाटे जन्माचं कीर्तन, सूर्य उगवला की गुलाल आणि सुंठवडा, मग दुपारभर गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण. कीर्तन चालू असतानाच मारोतीच्या मागच्या अंगणात बाया पावशा, म्हणजे विळ्या, घेऊन वांगी चिरायला बसतात, पोरं गोवऱ्या रचतात. सात-आठ वर्षांपूर्वी माझे मोठे चुलतभाऊ, आमचे दादा, कमिटीत होते, त्यांनी ठरवलं की तालुक्याचा कॅटरर लावू, बायांना त्रास नको. पाचशे ताटांचा करार झाला. आईला कोणी सांगितलंच नाही, ती नेहमीसारखी पहाटे पदराखाली पावशी घेऊन देवळात गेली आणि मांडवात गॅसच्या शेगड्या पाहून परत आली. काही बोलली नाही, ओट्यावर बसून राहिली.

दुपारी एक-दीडला ताटं संपली. गावची माणसं जेवून गेली होती, पण वस्तीवरचे मजूर, शेजारच्या गावची दिंडी आणि कामाला बाहेरून आलेली कुटुंबं यायचीच होती. कॅटररचा माणूस म्हणे करार पाचशेचा. त्याची काही चूक नव्हती, पण मारोतीच्या दारातून माणूस उपाशी गेला तर तो भंडारा कसला? तीन वाजता आई आणि सहा-सात जणी घरोघरचं जाड पीठ घेऊन आल्या. घट्ट कणकेचा गोळा, त्यावर तेल लावून एकावर एक पातळ पाऱ्या, आणि थेट गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यात. आई चिमट्यानं एकेक रोडगा फिरवत होती, तो फुटायला लागला की झाला म्हणायची, मग फडक्यात घोळून राख झाडायची. दादा समोर उभे. आई त्यांना एवढंच म्हणाली, "बाबू, पीठ काय तुले मागितलं असतं तर भेटलं नसतं?" ते अजूनही मीटिंगमध्ये म्हणतात की त्या दिवशी ताटांचा अंदाज चुकला होता, पद्धत चुकली नव्हती. दादा, वाचत असाल तर ऐका, अंदाज चुकणारच, देवळात किती माणूस येईल ते कोणाला सांगता येतं काय? गावच्या पिठाला करार नसतो, कमी पडलं तर पुन्हा मळता येतं, एवढंच माझं म्हणणं तेव्हाही होतं.

खर्चाचं: हजार पानाला आम्ही साधारण दोन क्विंटल गहू दळतो, दीड क्विंटल वांगी, साठेक किलो तूरडाळ. गहू आणि बरीचशी डाळ घरोघरून येते, रोख पैसा तेल, मसाला, मांडव, कीर्तनकार यांनाच लागतो. तुमच्याकडचे भाव मला माहीत नाहीत, हिशेब तुम्हीच मांडा.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. जुनी पंगत सगळ्यांची नव्हती. अंबादेवीच्या मंदिरात सगळ्यांना जाता यावं म्हणून अमरावतीत 1927 मध्ये पंजाबराव देशमुखांच्या पुढाकारानं सत्याग्रह करावा लागला, आणि आमच्या आजोबांच्या काळात एका वस्तीची पानं देवळापासून दूर, चिंचेखाली वाढत. आता त्या वस्तीतल्या बाया आईच्या शेजारी बसून पाऱ्या लाटतात. तुमच्या गावात पीठ मळायला कोणाकोणाचे हात चालतात ते आधी बघा. तिथे भेद असेल तर कॅटररच लावा, मी उगाच रोडग्यांचा आग्रह धरणार नाही.

आणि चैत्रात आमच्याकडं बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री असतं, आरासमोर बायांना बसवू नका. भाजणं माणसांनी करावं. आमच्या दादांना आता ते काम दिलंय, आणि चांगलं करतात. गोवऱ्या फाल्गुनातच जमवून ताडपत्रीखाली ठेवा, अवकाळी आला की ओल्या गोवरीचा नुसता धूर होतो आणि रोडगा आतून कच्चा राहतो.