नव्या लॅपटॉपवर वाय-फाय रखडतंय, मोबाइलवर मात्र सुसाट. असं का?

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. प्लॅन १०० एमबीपीएसचा, मोबाइलवर ९० मिळतात आणि त्याच टेबलावरच्या नव्या कोऱ्या लॅपटॉपवर जेमतेम २०. म्हणजे लाइनमध्ये दोष नाही. कनेक्शनवाल्याला पुन्हा बोलावू नका, आणि दुकानदाराशी भांडायलाही इतक्यात जाऊ नका.

लॅपटॉप कुठल्या बँडवर, म्हणजे वाय-फायच्या २.४ की ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, जोडला गेलाय ते बघा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये वाय-फाय उघडून जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जा. तिथे बँड, चॅनल (त्या पट्ट्यातला छोटा भाग) आणि लिंक स्पीड (लॅपटॉप आणि राउटर यांच्यातला वेग) दिसेल. माझा अंदाज, मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर आहे आणि लॅपटॉप २.४ वर जाऊन बसलाय. राउटरवर दोन्ही बँडना एकच नाव असलं की असं सर्रास होतं.

लिंक स्पीड ७२ दिसला, तर लॅपटॉपमधलं वाय-फाय कार्ड बहुधा एकाच अँटेनावर चाललंय. स्वस्त लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा तेच असतं. जाहिरातीत कोणी सांगत नाही. ७२ हा झाला कागदावरचा आकडा, हातात त्याच्या निम्मे पडतात. त्यात बिल्डिंगमधल्या पंधरा राउटरची गर्दी, की आलेच तुमचे २०. तेच एक अँटेनावालं कार्ड ५ गिगाहर्ट्झ चालवणारं असेल, तर तिथे ४३३ पर्यंत जोडलं जाऊ शकतं. म्हणून राउटरमध्ये दोन्ही बँडना वेगळी नावं द्या आणि लॅपटॉप ५ वाल्यालाच जोडा. मात्र मध्ये दोन भिंती असतील तर ५ चा जीव लगेच जातो, हेही लक्षात असू द्या. राउटर फक्त २.४ चाच असेल, तर चॅनल १, ६ किंवा ११ पैकी जिथे गर्दी कमी तो निवडा.

लिंक स्पीडचा आकडा नेमका ५४ वर अडकला असेल तर राउटरची सुरक्षा 'टीकेआयपी' या जुन्या पद्धतीवर आहे का बघा. राउटरच्या सेटिंगमध्ये ती 'डब्ल्यूपीए२-एईएस' या नव्या पद्धतीवर केली की आकडा वर सरकतो.

पहिले दोन दिवस विंडोज स्वतःच ढीगभर अपडेट ओढत असतं. टास्क मॅनेजरमध्ये नेटवर्कच्या रकान्यावर क्लिक केलं की चोर सापडतो. वाय-फाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. 'स्पीड वाढवणारी' फुकट सॉफ्टवेअर अजिबात नकोत.

आता माझी फजिती. मीही नवा लॅपटॉप घेतल्यावर दोन दिवस राउटर बंद-चालू करत बसलो होतो. जुन्या फोटोंची पोर्टेबल हार्डडिस्क शेजारी लावून कॉपी चालू होती. वायरलेस माउसही अधूनमधून अडखळायचा. मी सेल बदलले. शेवटी कॉपी संपली, डिस्क काढली, आणि नेट आपोआप पळायला लागलं! यूएसबी ३.० चं पोर्ट चालू असताना जो विद्युत गोंगाट होतो, तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. वाय-फाय आणि माउसचा डाँगल (यूएसबीत लावायचा त्याचा छोटा रिसीव्हर), दोघांनाही त्याचा त्रास. तुम्हीही सध्या लॅपटॉपमध्ये जुना डेटा भरताय असं प्रश्नात लिहिलंय, म्हणून म्हटलं: त्यासाठी अशी डिस्क लावली असेल, तर बाकी काही करण्याआधी ती काढून एकदा स्पीड तपासा.