तीनशे रुपयांत तीन भुते

रंगभूषेच्या या सदराकडे एरवी पत्रे येतात ती स्नेहसंमेलनाच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत. यंदा मात्र दसऱ्याचे सोने वाटून होते न होते तोच हॅलोवीनविषयी विचारणाऱ्या पत्रांचा लहानसा गठ्ठा जमला, आणि त्यांतील बहुतेकांचा सूर एकच होता : घरच्या घरी, कमी पैशांत कसे जमेल? म्हणून हा अंक त्यांच्यासाठीच राखला आहे.

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीत ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी मुलांसाठी हॅलोवीनचा कार्यक्रम ठेवला आहे. माझ्या दोन मुली, अकरा आणि आठ वर्षांच्या, आणि जाऊबाईंचा सहा वर्षांचा मुलगा असे तिघे जण भुते होण्याचा हट्ट धरून बसले आहेत. पार्लरमध्ये चौकशी केली तर एका चेहऱ्याचे सातशे रुपये सांगितले. तिघांचे मिळून तीनशे रुपयांत काही होईल का? (एक आई, मनीषनगर)

उत्तर : होईल, आणि थोडे पैसे उरतीलही. आधी खरेदीला बाहेर पडू नका. घरात काय आहे ते एका ताटात मांडा. काजळाची पेन्सिल, तपकिरी किंवा जांभळी आयशॅडो, जुनी लाल लिपस्टिक, चेहऱ्याची पावडर, कोल्ड क्रीम आणि स्वयंपाकघरातील कॉर्नफ्लॉवर एवढे निघाले, तर विकत आणण्यासारखे फारसे उरत नाही. भुताचा चेहरा रंगांच्या संख्येवर उभा राहत नाही, तो सावलीवर उभा राहतो. पांढरा, काळा आणि त्या दोघांच्या मधला एक तपकिरी, एवढ्यावर अर्धे स्मशान उभे करता येते.

पांढरा लेप असा करावा. दोन चमचे कॉर्नफ्लॉवर, एक चमचा कोल्ड क्रीम आणि साधारण एक चमचा पाणी वाटीत घेऊन गुठळी राहणार नाही असे फेटावे. पाणी एकदम ओतू नये, थेंबाथेंबाने घालावे, कारण लेप इडलीच्या पिठापेक्षा पातळ झाला की तो गालावर न थांबता हनुवटीकडे निघतो. भांडी घासण्याचा नवा, मऊ स्पंज कापून त्याच्या तुकड्याने लेप टिपत लावावा. बोटाने ओढल्यास पट्टे उठतात. वर पावडरचा हात फिरवताना मुलांना डोळे मिटून श्वास रोखायला सांगावे आणि पावडर हवेत उडवण्याऐवजी पफवर घेऊन दाबावी. आपल्याकडे ऑक्टोबर संपला तरी दुपारचा चटका गेलेला नसतो, त्यामुळे पहिला थर पातळ ठेवून तो वाळल्यावरच दुसरा द्यावा. जाड थर घामाने भेगाळतो. अर्थात, एखादीला ममीच व्हायचे असेल तर त्या भेगा कामालाच येतील.

मोठीला कवटी करा. तिला आरशासमोर बसवून तिच्याच बोटाने डोळ्याभोवतीचे हाड चाचपायला सांगा : भुवईच्या खालची कड, कानशिलाकडचा कोपरा, गालाच्या हाडाचा वरचा काठ. त्या कडेच्या आतला सगळा भाग म्हणजे डोळ्याची खोबण. तिथे तपकिरी आयशॅडो पसरून मध्यभागी काजळ भरावे, मात्र पापण्यांच्या केसांपासून थोडे अंतर राखावे आणि डोळ्याच्या आतल्या कडेला काहीही लावू नये. नाकाच्या शेंड्यावर उलट्या बदामाचा आकार काढावा. मग तिला गाल आत ओढायला सांगावे. जिथे खळगा पडेल तिथे कानापासून ओठांच्या दिशेने तपकिरी सावली द्यावी आणि ती ओठांपर्यंत पोहोचण्याआधीच विरू द्यावी. शेवटी ओठ पांढरे करून त्यांच्यावरून दातांच्या उभ्या रेघा काढाव्या आणि ओठांच्या कोपऱ्यांतून गालांवर एक-एक आडवी रेघ न्यावी. बहुतेक घरांत चूक होते ती इथेच : सगळे काही गडद काळ्याने रेखले जाते आणि कवटीऐवजी पांडा दिसू लागतो. काळे मध्यभागी, तपकिरी कडेला आणि ती कड बोटाने किंवा कापसाच्या काडीने पुसून धूसर केलेली, एवढे पाळले की काम झाले.

दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या बाजूला झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या लोकरंगभूमीच्या, नाटकांचा हंगाम सुरू होतो. तिथे काही वर्षे मी रंगभूषेला हात लावला आहे. रात्रभर चालणाऱ्या त्या प्रयोगांत शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही भुवई दिसावी लागते, म्हणून रेघ ठसठशीत मारायची असा तिथला धडा. तुमच्या सोसायटीत मात्र पाहणारा माणूस दोन हातांवर उभा असेल आणि त्याच्या हातात मोबाइलचा कॅमेरा असेल. तिथे ठसठशीत रेघेपेक्षा धूसर कड अधिक भीती घालते.

धाकटीला चेटकीण करा : कोल्ड क्रीममध्ये खाण्याच्या हिरव्या रंगाचा एखादाच थेंब मिसळून तोच लेप लावायचा, भुवया वरच्या दिशेने टोकदार करायच्या आणि हनुवटीवर काजळाचा एक चामखीळ. खाण्याचा रंग जास्त झाला तर तो कातडीवर एक-दोन दिवस रेंगाळतो, तेव्हा दुसऱ्या दिवशीची शाळा लक्षात ठेवून थेंब मोजावा. सहा वर्षांच्या मुलाचा संपूर्ण चेहरा मी रंगवणार नाही. त्या वयाची मुले दहा मिनिटांत डोळे चोळतात. एका गालावर कोळ्याचे जाळे आणि त्यातून लोंबणारा कोळी काढावा. तो दर पाच मिनिटांनी आरशात पाहून खूश होईल.

प्रश्न : घरात पोस्टर कलरच्या बाटल्या आणि होळीचा उरलेला रंग पडून आहे. बाटल्यांवर ‘नॉन-टॉक्सिक’ असे छापलेलेही आहे. ते वापरले तर चालेल का? तसेच खोटी कातडी चिकटवण्यासाठी फेव्हिकॉल? (एक गृहिणी, हुडकेश्वर)

उत्तर : तिन्हींना नकार. ‘नॉन-टॉक्सिक’ ही खूण कागदावर चित्र काढताना होणाऱ्या वापरापुरती असते. तो रंग तासन्‌तास चेहऱ्यावर राहण्यासाठी बनवलेला आहे असा तिचा अर्थ होत नाही. होळीच्या उरलेल्या रंगात नेमके काय आहे हे पुडीवर अनेकदा लिहिलेलेच नसते. लाकडाचा गोंद कातडीवर सुकला की काढताना बारीक केस आणि वरची साल घेऊनच निघतो. याच यादीत आणखी दोन वस्तू घाला. एक सुरमा, कारण पारंपरिक सुरम्यात शिसे असू शकते; आणि दुसरी देवघरातील शेंदूर, कारण त्यात शिसे किंवा पारा असू शकतो. लाल रंग हवा असेल तर लिपस्टिक आहेच. कमी खर्च करायचा म्हणजे वस्तू कमी आणायच्या. चेहऱ्यासाठी नसलेली वस्तू चेहऱ्याला लावायची नाही.

प्रश्न : मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वसतिगृहातील कार्यक्रमासाठी मारामारी होऊन आलेल्या माणसासारखे दिसायचे आहे : सुजलेला डोळा, गालावर चीर, रक्त. इंटरनेटवर सगळीकडे जिलेटिन सांगतात, पण आम्ही शाकाहारी आहोत आणि ते प्राण्यांपासून बनते. दुसरा उपाय सांगाल का? (एक विद्यार्थी, प्रतापनगर)

उत्तर : जिलेटिनऐवजी काही जण समुद्री शेवाळापासून बनणारे आगर-आगर सुचवतात, परंतु ते चेहरा हलताच तुटते. तुमच्यासाठी मैदा पुरेसा आहे. एक चमचा पेट्रोलियम जेलीत थोडा-थोडा मैदा मळत जावे. साधारण दुप्पट मैदा गेल्यावर पुरीच्या कणकेसारखा गोळा तयार होतो. त्यात चिमूटभर कोको पावडर घालून तो आपल्या वर्णाच्या जवळ आणावा. त्याची करंगळीएवढी वळी करून गालावर ठेवावी आणि तिच्या दोन्ही कडा बोटाने कातडीकडे चेपत इतक्या पातळ कराव्या की गोळा कुठे संपतो आणि गाल कुठे सुरू होतो ते कळू नये. याला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो, कारण जखम खोटी ठरते ती कडेपाशीच. मग जेवणाच्या चमच्याच्या दांड्याने मध्यभागी चीर पाडावी, सुरी हातात घेऊ नये. चिरेच्या आत गडद लाल लिपस्टिक आणि तळाशी काजळाची बारीक रेघ द्यावी, म्हणजे खोली दिसते.

सुजलेल्या डोळ्यासाठी आधी मार कधी बसला ते ठरवा. हा प्रश्न विनोदाचा नाही. कातडीखाली साकळलेल्या रक्ताचा रंग दिवसागणिक बदलतो : ताजा मार लालसर, एक-दोन दिवसांत निळा-जांभळा, आणि पाच ते दहा दिवसांच्या सुमारास हिरवट-पिवळा, कारण रक्तातील हिमोग्लोबिनचे विघटन होताना आधी हिरवे बिलिव्हर्डिन आणि मग पिवळे बिलिरुबिन तयार होते. ‘काल रात्री मारामारी झाली’ असे सांगणार असाल तर पिवळा रंग लावू नका. तुमच्या वसतिगृहात कोणी मेडिकलचा मित्र आला तर तो लगेच पकडेल. लाल आणि जांभळी आयशॅडो डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात आणि खालच्या बाजूला वेड्यावाकड्या ठिपक्यांनी लावावी. खरा मार गोल, एकसारखा उमटत नाही.

रक्ताविषयी माझा स्वतःचा एक फजितीचा अनुभव सांगते. एका गावी प्रयोगापूर्वी मी साखरेच्या पाकात लाल रंग घालून छान दाट रक्त केले आणि वाटी विंगेत जमिनीवर ठेवली. दुसऱ्या अंकात पाहते तो वाटीभोवती मुंग्यांची रांग, आणि मरून पडलेला नायक मंचावर मान खाजवतो आहे! तेव्हापासून मी अंगावर लावायचे रक्त ग्लिसरीनमध्ये करते : दोन चमचे ग्लिसरीन, खाण्याच्या लाल रंगाचे काही थेंब आणि कोको पावडरची चिमूट. कोको घातला नाही तर ते रक्त न वाटता गुलाबाचे सरबत वाटते. ओठांतून ओघळ काढायचा असेल तरच पाक किंवा मध वापरावा, तोही आयत्या वेळी. कपडे जुनेच घाला. खाण्याचा रंग पांढऱ्या सुती सदऱ्यावरून सहजासहजी जात नाही.

प्रश्न : नातवंडांचा हा परदेशी सण मला काही रुचत नाही. आपल्या नागपुरात मारबत असताना ही भुते आयात करण्याची गरज काय? (एक आजोबा, महाल)

उत्तर : काका, तुमचा रोष समजतो. ३१ ऑक्टोबरची ही रात्र ख्रिस्ती परंपरेतील सर्व संतांच्या दिवसाची, म्हणजे १ नोव्हेंबरची, पूर्वसंध्या आहे, आणि तिची मुळे केल्टिक लोकांच्या साऊन नावाच्या सणापर्यंत नेली जातात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असा गजर करत काळी-पिवळी मारबत आणि बडगे या पुतळ्यांची मिरवणूक काढणाऱ्या शहराला भीतीचे सोंग रस्त्यावर आणण्याचे कौतुक नवे नाही, हे तुमचे म्हणणे अगदी खरे. मात्र मारबतीच्या रूपाची नक्कल करा असे मी सुचवणार नाही, कारण अनेक घरांत तिची भक्तिभावाने पूजा होते.

त्याऐवजी नातवंडांना आपली भुते द्या; ती स्वस्तही पडतात. हडळीला आजीचे जुने पांढरे लुगडे, मोकळे केस आणि डोळ्यांखाली काजळाची सावली पुरते. तिची पावले उलटी असतात असे सांगतात, तेव्हा जुने मोजे टाच पुढे करून घातले की तेही साधते. मुंज्याला धोतर, जानवे आणि शेंडी. चेहऱ्यावर फक्त राखाडी छटा, जी पांढऱ्या लेपात काजळाचा कण मिसळून मिळते. पिंपळाखालची गोष्ट रंगवून सांगायला तुम्ही आहातच. सोसायटीतल्या दहा व्हॅम्पायरांत तो एकटा मुंज्या उठून दिसेल.

प्रश्न : माझे वय सतरा आहे आणि चेहऱ्यावर मुरुमे आहेत. मैत्रीण म्हणते की पांढऱ्या रंगाच्या कॉन्टॅक्ट लेन्स लावल्या की मेकअपची गरजच नाही. लावू का? (एक वाचक, सदर)

उत्तर : डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय लेन्स लावू नयेत, मैत्रिणीच्या तर मुळीच नाही, बुबुळाला जंतुसंसर्ग झाला तर दृष्टीवर बेतू शकते. मुरुमांवर जाड लेप देण्याऐवजी कपाळ आणि गाल मोकळे ठेवून फक्त डोळे आणि ओठ रंगवावे. जे काही लावणार असाल ते आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून चोवीस तास पाहावे. हातावर नक्षी काढायची असेल तर झटपट रंगणारी ‘काळी मेंदी’ टाळावी, तिच्यातील पीपीडी या रसायनाने फोड येऊ शकतात.

प्रश्न : मागच्या वर्षी रंग काढताना मुलगा रडरड रडला. साबणाने तीनदा धुऊनही काजळ गेले नाही. (एक आई, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : साबण दुसऱ्या क्रमांकावर. काजळ आणि क्रीम तेलकट असतात, म्हणून त्यांना तेलानेच सोडवावे लागते. आधी हाताला खोबरेल तेल घेऊन कोरड्या चेहऱ्यावर हळूहळू फिरवावे, पाणी लावू नये. दोन मिनिटांनी ओल्या, मऊ सुती कापडाने टिपावे आणि मग सौम्य साबणाने एकदाच धुवावे. डोळ्यांभोवती कापसावर तेल घेऊन बाहेरून नाकाच्या दिशेने पुसावे. मैद्याची जखम बोटाने उचलूनच निघते. आणि त्या रात्री उशीला जुना अभ्रा घाला, कारण कानामागचा रंग हमखास राहून जातो.