‘मुलीला समजावा’ हे काम माझ्याकडून होणार नाही

पत्र: तासगावात माझे औषधांचे दुकान आहे. मुलगी दोनदा नीटला बसली, नंबर लागला नाही. आता तिसऱ्यांदा लातूरला ठेवायचे ठरवले आहे. ती म्हणते, बीएस्सी करून कार्बन डायऑक्साइडपासून उपयोगी रसायने बनवण्यावर संशोधन करीन. धुरातून फुकट पेट्रोल काढायचे हे खूळ तिच्या डोक्यातून काढा. पाहुण्यांना काय सांगू? – एक पालक

उत्तर: पाहुण्यांचे नंतर बघू. दोनदा नापास झाल्यासारखे वाटलेली मुलगी जेवते का, झोपते का, मैत्रिणींशी बोलते का, यावर पत्रात एक शब्द नाही. मला काळजी त्याची वाटते. एवढ्या निराशेनंतर तिने स्वतःहून एका विषयाचे नाव काढले आणि तुम्ही त्याला खूळ म्हणालात! लातूरचे पैसे भरण्याआधी तिला विचारा, डॉक्टर व्हायचे आहे का? ‘नाही’ म्हणाली तर तेवढ्यावर थांबा. पाहुणे कार्यापुरते येतात, अभ्यास तिला रोज करायचा आहे.

‘फुकट पेट्रोल’ ही समजूत मात्र काढायलाच हवी, तिचीही असेल तर. कार्बन डायऑक्साइड म्हणजे इंधन जळून उरलेली राखच समजा. जळताना जेवढी ऊर्जा बाहेर पडली, निदान तेवढी परत घातल्याशिवाय त्याचे पुन्हा इंधन होत नाही. मिथेनॉल करायचे तर त्याच्या एका रेणूमागे हायड्रोजनचे तीन रेणू, तांबे आणि झिंक ऑक्साइडचा उत्प्रेरक (क्रिया वेगाने घडवून आणणारा पदार्थ), दोनशे-तीनशे अंश तापमान आणि भरपूर दाब लागतो. तो हायड्रोजन कोळशाच्या विजेवर काढला तर उलट धूर वाढतो. खरी मेहनत आहे ती चांगला उत्प्रेरक आणि स्वच्छ, स्वस्त हायड्रोजन मिळवण्यात. तांब्याच्या इलेक्ट्रोडवर वीज वापरून कार्बन डायऑक्साइडपासून इथिलीनसारखी उपयोगी रसायने मिळतात, हे जपानच्या योशिओ होरींनी १९८०च्या दशकात दाखवले. पण एका वेळी अनेक पदार्थ तयार होतात. हवा तोच भरपूर कसा मिळवायचा, यावर अजून काम चालू आहे.

आणि या वायूपासून उपयोगी रसायने बनतात याचा पुरावा तुमच्याच दुकानात आहे. अ‍ॅस्पिरिनसाठी लागणारे सॅलिसिलिक आम्ल सोडियम फिनॉक्साइडवर दाबाखाली हाच वायू सोडून बनवतात, तेही एकोणिसाव्या शतकापासून. द्राक्षबागेत पडणारा युरिया अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडचाच. आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळी आंबते तेव्हा इथेनॉलच्या जवळजवळ वजनाइतका हा वायू निघतो, आणि तो बऱ्यापैकी शुद्ध असतो. तिला कच्च्या मालासाठी लांब जायला नको.

वाट सरळ आहे: सांगलीत विलिंग्डन कॉलेजला बीएस्सी, जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, नेट किंवा गेट ही परीक्षा देऊन पीएचडी. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल), आयआयटी मुंबई इथे अशी कामे चालतात. आठ-दहा वर्षे जातील, पुढे नोकरीची हमी नाही. जेआरएफ ही संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात. बारावीला गणित सोडले असेल तर आत्तापासून कॅल्क्युलस सुरू करू दे, विद्युतरसायनात, म्हणजे विजेने रसायने घडवण्याच्या शास्त्रात, त्यावाचून चालत नाही.

लातूरचा प्रवेश तूर्त थांबवा. आणि पुढचे पत्र तिला लिहू द्या, तुम्ही न वाचता पोस्टात टाका.