बुरशीच्या संसर्गाने हृदय निकामी होत असेल, तर एकमो (हृदय-फुप्फुसांचे काम काही दिवस शरीराबाहेरून करणारे यंत्र) लावून उपयोग होतो का?

होतो. ‘यंत्रावर ठेवणे म्हणजे हाल लांबवणेच ना?’ असे तुम्ही पुढे विचारले आहे, म्हणून लिहितो आहे. अतिदक्षता विभागाच्या दारात माझा थोरला भाऊ नेमके हेच म्हणाला होता.

धाकट्या बहिणीला आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर मानेतल्या शिरेत घातलेल्या नळीवाटे पोषण आणि जोडीला भारी प्रतिजैविके चालू होती. ताप आल्यावर दोन दिवस नुसती प्रतिजैविकेच बदलली गेली. शरीरात खोलवर पसरलेल्या कँडिडा या बुरशीच्या सुमारे निम्म्या रुग्णांत रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, काहीच उगवत नाही, तरीही बुरशीविरोधी औषध त्याच अहवालासाठी अडवून ठेवले, याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. तिसऱ्या दिवशी कँडिडा सापडली, तोवर रक्तदाब वाढवणारे नॉरॲड्रेनलिन वाढवूनही रक्तदाब टिकेना आणि इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय आतले किती टक्के रक्त बाहेर ढकलते ते) 15 टक्क्यांवर आले होते. हृदयाचा स्नायू मेलेला नाही, सेप्सिसने, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या घातक प्रतिसादाने, मलूल झाला आहे, आणि संसर्ग आटोक्यात आला तर असा स्नायू बहुधा आठ-दहा दिवसांत सावरतो, असे डॉक्टरांनी सांगितले. दादाचा नकार असताना मी एकमोसाठी सही केली.

मांडीच्या शिरेतून काढलेले रक्त पंपाने कृत्रिम फुप्फुसातून फिरवून धमनीत परत सोडले जात होते. मानेतली नळी काढली, कॅस्पोफंजिन हे बुरशीविरोधी औषध सुरू झाले. दुसऱ्या दिवशी नळी असलेला पाय गार पडला, तेव्हा दादाने मला तो हात लावून पाहायला लावला. पावलाकडे रक्त नेणारी वेगळी बारीक नळी घातल्यावर पाय वाचला. सहाव्या दिवशी इजेक्शन फ्रॅक्शन 40 टक्के झाले आणि पंपाचा प्रवाह हळूहळू कमी करून एकमो काढले.

आता दादा म्हणतो, ती औषधाने वाचली, यंत्राने नव्हे. यंत्र बुरशी मारत नाही, हे खरेच. पण औषधाचा गुण येईपर्यंतचे दिवस त्या हृदयाने काढले नसते. म्हणून एकमो किती दिवस चालेल याआधी हृदयाची दुर्बलता उलटण्याजोगी आहे का आणि संसर्गाचे मूळ काढले का, हे डॉक्टरांना विचारा.

हे मात्र सांगायला हवे की बुरशी हृदयाच्या झडपेवरच वाढली असेल, तर केवळ औषधाने सहसा भागत नाही, शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपॅरिनमुळे मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, यंत्राच्या नळ्यांतून नवा संसर्ग शिरू शकतो, आणि एकमोवरचे बरेच रुग्ण दगावतात. अशा रुग्णांबाबत दादाची भीती खोटी नव्हती. बहिणीबाबत ती चुकीची ठरली, आणि हे त्याने अजून कबूल केलेले नाही.